हस्तिदंताचा बाजार : भोकरदनपासून पनामापर्यंत

परभणीहून सेलू-परतूरच्या वाटेने वायव्येला निघालं की पुढे जालना जिल्ह्यात केळणा नदीकाठी भोकरदन लागतं. आज ते तालुक्याचं गाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ते भोगवर्धन नावाचं नांदतं नगर होतं. इथल्या लोकांनी सांची आणि भारहुतच्या स्तूपांना दिलेल्या दानांची नोंद तिथल्या दगडांवर अजून वाचता येते. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून भोकरदनच्या पांढरीत उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या या कामात सातवाहनकालीन अवशेषांमध्ये हस्तिदंताची एक मोडकी मूर्ती हाती आली. मधोमध उभी स्त्री, दोन्ही अंगांना दोन लहान दासी आणि वरचा भाग तुटलेला.

त्या तुकड्याचं मोल कळायला इटलीत जावं लागतं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली होती. अंगभर दागिने आणि दोन्ही बाजूंना दासी. मूर्ती भारतीय आहे हे उघड होतं, पण भारतात ती कुठे घडली याचे तर्कच चालले होते. भोकरदनचा तुकडा आणि तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्री या दोघींशी तिचं इतकं साम्य आहे की बोट दख्खनकडे वळतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर या दख्खनच्या दोन मोठ्या पेठा म्हणून येतात. तिथला माल गाड्यांवर लादून भडोच बंदरात नेत, आणि भडोचहून परदेशी जाणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंत आहे. गोदावरीच्या खोऱ्यातला माणूस या बाजारात इतका जुना आहे.

हे आधी सांगण्याचं कारण असं, की हत्तींच्या कत्तलीची गोष्ट निघाली की आपण ती आफ्रिकेची आणि चीनची म्हणून ऐकतो. ती आपलीही आहे. हत्ती मारणाऱ्यांइतकेच दात विकत घेणारे हात या इतिहासात आहेत, आणि त्यातले पुष्कळसे हात पश्चिम भारतातले होते.

परभणी जिल्ह्यात जिंतूरच्या डोंगराळ भागात आणि गंगाखेडकडच्या बालाघाटात बंजाऱ्यांचे तांडे आहेत. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खन पालथं घालणारी ही जमात. बंजारा बायकांच्या दंडापर्यंत चढलेल्या पांढऱ्या बलिया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना त्या आज प्लास्टिकच्या दिसतात. पूर्वी ऐपत असलेल्या घरात त्या हस्तिदंताच्या असत, नसलेल्या घरात हाडाच्या किंवा शिंगाच्या. राजस्थान, कच्छ आणि गुजरातेत तर लग्नातला हस्तिदंती चुडा ही सौभाग्याची खूण होती. नवरा गेला की चुडा उतरे, बाई गेली की तो अनेकदा तिच्याबरोबर चितेवर जाई. एका पिढीचा चुडा दुसरीला क्वचितच मिळे. म्हणून दर लग्नसराईत नव्या दातांची मागणी उभी राही.

ही मागणी भागत होती ती मुंबई बंदरातून. एकोणिसाव्या शतकात ओमानचे सुलतान सय्यद सईद यांनी आपली राजधानी झांझिबारला हलवली आणि त्या बेटाच्या जकातीचा मक्ता कच्छच्या भाटिया पेढीकडे, जयराम शिवजी यांच्याकडे गेला. पूर्व आफ्रिकेच्या आतल्या भागात दात गोळा होत, हमालांच्या खांद्यांवरून महिनोन्‌महिने चालत बागामोयोच्या किनाऱ्यावर येत, तिथून झांझिबार, आणि मोसमी वाऱ्यावर मुंबई. त्या हमालांत मजूर होते तसे गुलामही होते. टिप्पू टिपसारख्या व्यापाऱ्यांच्या तांड्यांत हस्तिदंत आणि माणसं यांची लूट एकाच वाटेने चाले. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याचा दात मऊ, कोरायला सोपा, म्हणून बांगड्यांच्या कारागिरांना तोच हवा असे. मुंबईत उतरलेल्या मालाचा एक भाग देशात जाई, एक भाग पुन्हा जहाजावर चढून लंडनला. तिथे आणि अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात त्यातून पियानोच्या पट्ट्या, बिलियर्डचे चेंडू, कंगवे आणि सुऱ्यांच्या मुठी होत. युरोपच्या दिवाणखान्यांसाठी आणि आपल्या लग्नमंडपांसाठी एकाच रानातले हत्ती पडत होते.

शतक संपता संपता शिकाऱ्यांच्याच लक्षात आलं की हत्ती हटत चालले आहेत. १९ मे १९०० रोजी आफ्रिकेत वसाहती असलेल्या युरोपीय सत्तांनी लंडनमध्ये वन्यप्राण्यांच्या रक्षणाचा एक करार केला. हस्तिदंताच्या व्यापाराला आंतरराष्ट्रीय लगाम घालण्याचा हा पहिला प्रयत्न. पाच किलोंहून हलका दात सापडला तर जप्त करायचा, म्हणजे लहान हत्ती वाचतील, असा त्यात नियम होता. सर्वांनी मान्यता न दिल्यामुळे तो करार अमलात आलाच नाही. पण त्याची मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे. मोठा हत्ती मारायला हरकत नव्हती, आणि लंडन-मुंबईच्या बाजाराबद्दल चकार शब्द नव्हता. सगळा भर रानावर होता. पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं हीच दृष्टी टिकली.

ती बदलायला सुरुवात झाली ३ मार्च १९७३ रोजी, वॉशिंग्टनमध्ये. संकटात सापडलेल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणणारा ‘साइट्स’ करार त्या दिवशी सह्यांसाठी मांडला गेला आणि १ जुलै १९७५ पासून लागू झाला. भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. करारात प्राण्यांची परिशिष्टं आहेत. पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याचा व्यापारी हेतूने देशाबाहेर व्यवहार बंद, दुसऱ्यातल्या प्राण्याचा परवान्यावर चालू. आशियाई हत्ती सुरुवातीपासून पहिल्यात गेला. आफ्रिकन हत्तीला १९७७ मध्ये दुसऱ्यात जागा मिळाली. पुढे जे झालं त्याचं मूळ या भेदात आहे. कारण कोरलेल्या बांगडीकडे पाहून ती कोणत्या खंडातल्या हत्तीची आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

त्याच काळात भाव चढू लागले. जपानमध्ये सही म्हणून वापरायचे हस्तिदंती शिक्के घरोघर पोचले, हाँगकाँगचे कारखाने रात्रंदिवस चालू लागले. साठच्या दशकात किलोला पाच-सहा डॉलर असलेला दात ऐंशीच्या दशकाअखेर दोनशेच्या वर गेला. आफ्रिकेत यादवी युद्धांमुळे स्वयंचलित बंदुका स्वस्त झाल्या होत्या. हत्तींचे अभ्यासक इयान डग्लस-हॅमिल्टन यांनी १९७९ मध्ये आफ्रिकेतल्या हत्तींचा अंदाज केला तो सुमारे १३ लाखांचा होता. दहा वर्षांनी तो सहा लाखांच्या आसपास आला. केनियात १९७३ मध्ये दीड लाखाहून जास्त हत्ती होते, १९८९ मध्ये वीस हजारसुद्धा उरले नाहीत.

साइट्सने १९८६ मध्ये कोटा पद्धत आणली. प्रत्येक देशाने वर्षाला किती दात पाठवायचे ते ठरवायचं, दातांवर खुणा करायच्या, कागद तपासायचे. कागदावर हे चोख दिसत होतं. पण सुरुवातीलाच जुने साठे नोंदवून ‘अधिकृत’ करून घ्यायची मुभा दिली गेली आणि सिंगापूर व बुरुंडीतले शेकडो टन चोरीचे दात एका शिक्क्याने साव झाले. बुरुंडीत तर रानटी हत्ती जवळपास नव्हतेच. परवानगीचा बाजार चोरबाजाराला आडोसा देतो, हा धडा तिथे मिळाला. पुढची तीस वर्षं तो पुन्हा पुन्हा मिळाला आणि पुन्हा पुन्हा विसरला गेला.

भारतात हीच गोष्ट छोट्या आकारात घडत होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७७ मध्ये हत्ती त्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसला. देशी दातांची वाट अरुंद झाली. मात्र आफ्रिकेतून आयात केलेला दात कोरून विकणं कायदेशीर होतं. मग केरळ, कर्नाटक, तामिळनाडूच्या जंगलांतला दात ‘आफ्रिकन’ म्हणून दुकानात येऊ लागला. आशियाई हत्तिणीला बाहेर दिसणारे सुळे नसतात. त्यामुळे शिकारीत मरतात ते दंतैल नर. केरळच्या पेरियार अभयारण्यात नरांचं प्रमाण इतकं घसरलं की शंभर माद्यांमागे एखादाच प्रौढ नर उरला. जन्मणाऱ्या पिलांची संख्या तिथे रोडावली. कर्नाटक-तामिळनाडूच्या सीमेवर वीरप्पनची टोळी याच दातांवर पोसली गेली, चंदन नंतरचं. हत्तींच्या एका पिढीतले बाप मारले गेले तर जंगल वरून हिरवंच दिसतं आणि आतून रिकामं होत जातं. पेरियारचे आकडे वाचताना ही गोष्ट मनाला फार लागते.

१९८६ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती करून भारतीय हस्तिदंताचा देशांतर्गत व्यापार बंद केला. जगात मात्र अजून निर्णय व्हायचा होता.

तो निर्णय जवळ आणला एका होळीने. जुलै १९८९ मध्ये नैरोबीच्या राष्ट्रीय उद्यानात केनियाचे अध्यक्ष डॅनिएल अराप मोई यांनी जप्त केलेल्या सुमारे १२ टन दातांच्या ढिगाला पेटती मशाल लावली. ही कल्पना वन्यजीव खात्याचे प्रमुख रिचर्ड लीकी यांची. हस्तिदंत सहजी जळत नाही, त्यासाठी खास इंधनाची तजवीज करावी लागली. गरीब देशाने लाखो डॉलरचा माल जाळावा याचा कित्येकांना राग आला. पण जगभरच्या दूरचित्रवाणीवर ते दृश्य गेलं आणि युरोप-अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला हस्तिदंती दागिन्याची लाज वाटू लागली. दरम्यान ब्रिटनच्या ‘एन्व्हायर्नमेंटल इन्व्हेस्टिगेशन एजन्सी’च्या तपासनिसांनी, ॲलन थॉर्नटन आणि डेव्ह करी यांनी, छुप्या कॅमेऱ्यांनी दुबईच्या जेबेल अलीतले हस्तिदंताचे कारखाने जगापुढे आणले होते. आफ्रिकेतून निघालेला कच्चा दात तिथे थोडासा कोरून ‘तयार वस्तू’ केला जाई आणि नियमांच्या फटीतून हाँगकाँगला सरके.

ऑक्टोबर १९८९ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात साइट्सची सातवी परिषद भरली. आफ्रिकन हत्तीला पहिल्या परिशिष्टात न्यावं हा आग्रह आधी टांझानियाने धरला आणि इतर देश त्यामागे आले. दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, बोट्स्वाना विरोधात होते. त्यांच्याकडचे कळप वाढत होते, आणि दात विकून जंगलखात्याचा खर्च भागतो, शेजारच्या गावांना पैसा मिळतो, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. ज्याच्या मक्यात हत्ती शिरतो त्याच्या बाजूचा तो प्रश्न होता आणि आजही आहे. शेवटी सोमालियाने सुचवलेला तडजोडीचा ठराव ७६ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला. सर्व आफ्रिकन हत्ती पहिल्या परिशिष्टात, पण एखाद्या देशाची स्थिती चांगली असेल तर तज्ज्ञांनी फेरविचार करायचा. १८ जानेवारी १९९० पासून आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. हाँगकाँगमध्ये शेकडो टनांचा साठा अडकला म्हणून ब्रिटनने त्या वसाहतीपुरती सहा महिन्यांची सवलत मागून घेतली.

भारताने याच्या पुढचं पाऊल टाकलं. १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या हस्तिदंताचा व्यापार आणि त्याचं कोरीव कामही बंद केलं. दिल्ली, जयपूर, म्हैसूर, तिरुवनंतपुरमच्या कारागिरांच्या पोटावर पाय आला. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी आपलं नाव कोरून ठेवलं आहे; त्या परंपरेचे हे वारस. काहींनी उंटाच्या हाडावर हात बसवला, काही लाकडाकडे वळले, काहींनी धंदा सोडला. व्यापारी न्यायालयात गेले. आम्ही परवाना घेऊन, जकात भरून माल आणला, तो आता घरात कुजवायचा का, धंद्याचं स्वातंत्र्य घटनेने दिलं नाही का, असा त्यांचा युक्तिवाद होता. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये तो नाकारला आणि ऑगस्ट २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायदा उचलून धरला.

त्याच सुमारास एक विलक्षण दावा सर्वोच्च न्यायालयापुढे होता. अर्जदाराचं म्हणणं, आमचा माल हत्तीचा नव्हेच, तो रशियातल्या बर्फात सापडलेल्या मॅमथचा आहे. हजारो वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या प्राण्याला आता कोण मारणार? युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण कोरल्यावर मॅमथचा दात आणि हत्तीचा दात डोळ्यांना सारखाच दिसतो, आणि कायद्यात ‘आयात केलेला हस्तिदंत’ असे व्यापक शब्द आहेत, हे पाहून न्यायालयाने त्यावरही बंदी लागू केली. मला हा निकाल या साऱ्या कहाणीतला सर्वांत शहाणा वाटतो. दोन खंडांच्या हत्तींत भेद करून जगाने १९७७ मध्ये जी फट ठेवली होती तशी फट इथे ठेवली गेली नाही.

आता ज्याच्या घरी वारशाने आलेले दात असतील त्याला मुख्य वन्यजीव रक्षकाकडून मालकीचं प्रमाणपत्र लागतं. २००३ मध्ये अशी जुनी चीजवस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती. दात वारसाकडे जाऊ शकतात, बाजारात जाऊ शकत नाहीत. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या वाड्यांनाही तोच नियम.

बाहेर मात्र १९९० ची बंदी झिजत गेली. १९९७ मध्ये हरारेच्या परिषदेत बोट्स्वाना, नामिबिया, झिंबाब्वे यांचे हत्ती दुसऱ्या परिशिष्टात उतरवले गेले आणि १९९९ मध्ये सुमारे ५० टन दात ‘एकदाच’ म्हणून जपानला विकले. २००० साली नैरोबीत भारत आणि केनियाने मिळून सगळे हत्ती पुन्हा पहिल्या परिशिष्टात न्यावेत असा प्रस्ताव आणला, पण तो पदरात पडला नाही. २००८ मध्ये पुन्हा ‘एकदाच’ विक्री झाली, शंभर टनांहून जास्त, आणि या वेळी जपानबरोबर चीनही गिऱ्हाईक होता. चीनमध्ये नवा पैसा आलेला, सरकारमान्य दुकानांत हस्तिदंत मांडलेलं. गिऱ्हाइकाने समजून घेतलं की आता हे चालतं. त्या दुकानांच्या आडून चोरीचा माल वाहू लागला.

२०१० ते २०१२ या तीन वर्षांत आफ्रिकेत सुमारे एक लाख हत्ती मारले गेले असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. २०१२ च्या सुरुवातीला कॅमेरूनच्या बूबा न्जिदा उद्यानात सुदानकडून आलेल्या घोडेस्वार टोळ्यांनी काही आठवड्यांत शेकडो हत्ती, पिलांसकट, कापून काढले. टांझानियाच्या सेलू अभयारण्यात सत्तरच्या दशकात लाखभर हत्ती होते, २०१३ मध्ये तिथे सुमारे १३ हजार मोजले गेले.

या वेळी उपाय बदलले. २०१३ च्या बँकॉक परिषदेत चीन, थायलंड, व्हिएतनाम, केनिया, टांझानिया अशा आठ देशांकडे बोट दाखवून त्यांच्याकडून सुधारणेचे आराखडे मागितले गेले. अर्धा टन किंवा त्याहून मोठी जप्ती झाली तर डीएनए तपासणी करायची असं ठरलं. अमेरिकन शास्त्रज्ञ सॅम्युअल वॉसर यांनी हत्तीच्या शेणातून डीएनए गोळा करून आफ्रिकेचा नकाशाच बनवला होता. त्यावर दात ताडून पाहिला की तो कुठल्या रानातला हे सांगता येई. बहुतेक मोठ्या जप्त्या मोजक्या दोन-चार प्रदेशांकडे बोट दाखवतात हे त्यातून २०१५ मध्ये पुढे आलं. भारतातही त्याच वर्षी केरळच्या मलयाट्टूर जंगलातून सुरू झालेला तपास तिरुवनंतपुरममार्गे दिल्लीपर्यंत गेला आणि एका गोदामातून चारशे किलोंच्या वर हस्तिदंत निघालं. जंगलातला शिकारी आणि राजधानीतला खरेदीदार एकाच खटल्यात आरोपी झाले, हे पूर्वी क्वचित घडे.

निर्णायक गोष्ट घडली ती बीजिंगमध्ये. ३१ डिसेंबर २०१७ रोजी चीनने आपला देशांतर्गत हस्तिदंत बाजार बंद केला. बंदी येणार हे कळल्यापासूनच तिथला भाव कोसळत होता : २०१४ मध्ये किलोला सुमारे २,१०० डॉलर, २०१७ च्या सुरुवातीला ७३० च्या आसपास. अमेरिकेने २०१६ मध्ये जवळपास पूर्ण बंदी आणली, हाँगकाँगने २०२१ अखेर, ब्रिटनचा कायदा २०२२ मध्ये लागू झाला. आफ्रिकेतल्या शिकारीचा आलेख २०११ च्या शिखरावरून खाली आला आहे. भारताने १९९१ मध्ये केलं तेच जगातले मोठे देश पंचवीस-तीस वर्षांनी करत होते.

म्हणूनच नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामात भरलेल्या साइट्स परिषदेतली घटना खटकते. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांनी हस्तिदंताचा व्यापार पुन्हा सुरू करण्याचा प्रस्ताव मांडला. तो १५ विरुद्ध ८३ मतांनी फेटाळला गेला. तोवर अशा प्रस्तावांना विरोध करत आलेला भारत या मतदानात तटस्थ राहिला. त्याच वर्षी नामिबियाशी चित्त्यांचा करार झाला होता आणि दोन्हींचा संबंध असल्याची चर्चा वृत्तपत्रांतून झाली. कारण काहीही असो, ज्या देशाने आपल्या कारागिरांना दुसरं काम शोधायला लावून हा बाजार मिटवला त्याने तिथे गप्प बसायला नको होतं.

महाराष्ट्राला आता यात दूरचा प्रेक्षक राहता येणार नाही. २००२ पासून कर्नाटकातून उतरलेले हत्ती सिंधुदुर्गात दोडामार्गच्या तिलारी खोऱ्यात वावरतात, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून वीसेक हत्तींचा कळप गडचिरोलीत आला. पनामातलं मतदान झालं तेव्हा गडचिरोलीच्या धानशेतीत त्या कळपाचं दुसरं वर्ष चालू होतं आणि वनखात्याच्या दप्तरात नुकसानभरपाईचे अर्ज साठत होते.